व्हिजिटिंग अवर्समधली पाच मिनिटं

हॉस्पिटल निवडताना आपण डॉक्टर बघतो, पॅकेज बघतो, कॅशलेस आहे का ते बघतो. पार्किंगसुद्धा बघतो! पण मध्यरात्री तिथं धूर झाला, तर आपल्या माणसाला बाहेर कोण काढणार, हे कधी बघितलंय?

ऑफिसातलं फायर ड्रिल आठवतंय? ऐन कॉलच्या मध्ये सायरन वाजतो. नारिंगी जॅकेट घातलेला अकाउंट्समधला कुणीतरी अचानक फायर मार्शल होतो. गळ्यात आयडी कार्ड, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात अर्धी कॉफी अशा थाटात आपण अकरा मजले उतरतो. असेंब्ली पॉइंटला हेडकाउंट होतो, चार सेल्फी निघतात. 'चला, अर्धा तास गेला' म्हणत आपण परत वर.

कंटाळवाणं असतं, मान्य. पण त्या अख्ख्या ड्रिलच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सायरन ऐकणारा माणूस उठून चालू शकतो!

आता तोच सायरन आयसीयूत वाजवून बघा. बारा बेड आहेत. चार जण व्हेंटिलेटरवर, तिघांना भूल किंवा गुंगी, दोघांच्या पायाला ट्रॅक्शन, बाकीच्यांच्या अंगाला कसल्या ना कसल्या नळ्या. पळा म्हटलं तर पळणार कोण? हॉस्पिटलची आग आणि ऑफिसची आग यांत फरक आहे तो एवढाच. पण तो फार मोठा आहे.

एकच वर्ष, किती नावं!

२०२१ म्हटलं की आपल्याला लॉकडाऊन, लस आणि वर्क फ्रॉम होम आठवतं. महाराष्ट्रातल्या काही घरांना मात्र वेगळंच आठवतं.

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष. रात्री दीड-दोनच्या सुमारास नर्सनं दार उघडलं तेव्हा खोलीत धूर भरलेला होता. कक्षात १७ बाळं होती. एका भागातली ७ वाचली, दुसऱ्या भागातली १० गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी दिलेल्या माहितीनुसार त्यांतली तीन बाळं भाजून गेली आणि सात धुरानं गुदमरून. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

त्यानंतर राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. आणि मग?

२५ आणि २६ मार्चच्या मधल्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. मॉलच्या वरच्या मजल्यावर सनराइज हॉस्पिटल होतं. हो, मॉलमध्ये हॉस्पिटल! २३ एप्रिलला पहाटे तीनच्या सुमारास विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आयसीयूत एसीच्या युनिटपासून आग लागली आणि त्या सकाळीच १३ जणांच्या मृत्यूची बातमी आली. २८ एप्रिलच्या पहाटे मुंब्र्याचं प्राइम क्रिटिकेअर. आणि ६ नोव्हेंबरला, भाऊबिजेच्या दिवशी, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत आग लागून त्या दिवशी ११ जण गेले. तो आयसीयू जुनाट नव्हता, कोविडसाठी नव्यानं उभा केलेला होता.

जानेवारीत ऑडिटचे आदेश, नोव्हेंबरात अहमदनगर. म्हणजे ऑडिट हा शब्द आगीला वाचता येत नाही, एवढं नक्की.

'ते कोविडचं वर्ष होतं, वेगळंच होतं सगळं,' असं म्हणाल, तर १५ नोव्हेंबर २०२४ची झाशी बघा. मेडिकल कॉलेजचा नवजात अतिदक्षता विभाग, पुन्हा रात्र, आणि त्या रात्रीत पुन्हा १० बाळं.

ऑक्सिजन पेटत नाही, पेटवतो

हॉस्पिटलमध्ये आग लागते कशी? प्रत्येक बातमीत एक शब्द ठरलेला असतो, 'शॉर्टसर्किट'. हा शब्द इतका सोयीचा आहे की त्यात कुणाचीच चूक नसते. जणू वीज कोसळावी तसं शॉर्टसर्किटही कोसळतं!

प्रत्यक्षात गोष्ट हळू घडते. आयसीयूतल्या एका बेडला व्हेंटिलेटर, मॉनिटर, सक्शन आणि चार-पाच इन्फ्युजन पंप लागतात. वर एसी चोवीस तास चालू. आपल्या घरातल्या एसीला सकाळी तरी सुट्टी मिळते, त्याला दिवाळीलाही नाही. अशा ठिकाणी एखाद्या सॉकेटमधला स्क्रू ढिला झाला की तो जोड तापायला लागतो. गंमत अशी, की जास्त करंट गेला तर एमसीबी पडतो, पण ढिल्या जोडात करंट जास्त नसतोच, नुसती उष्णता वाढत जाते. त्यामुळे एमसीबीला पत्ताच लागत नाही. प्लास्टिकचा वास येतो, पांढरं सॉकेट पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. दिवसेंदिवस ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा घेऊन इलेक्ट्रिशियन फिरला तर असे जोड काही मिनिटांत सापडतात.

दुसरं पात्र ऑक्सिजन. तो स्वतः जळत नाही, पण बाकी सगळं जोरात जाळतो. आपण श्वास घेतो त्या हवेत तो साधारण २१ टक्के असतो. मास्कमधून, नाकातल्या नळीतून तो सतत थोडा थोडा निसटतो. हाय फ्लो मशीन तर मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडू शकतं. खिडक्या बंद असतात. आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. मग त्या खोलीत दोन-चार टक्के ऑक्सिजन वाढला तरी चादर, गाऊन, गादीतला फोम, पडदे, सॅनिटायझर हे सगळं एरवीपेक्षा पटकन पेट घेतं आणि झरझर जळतं. घरी ज्या ठिणगीनं नुसता डाग पडला असता, ती इथं बेड घेऊन जाते.

मारेकरी धूर

आता तो भंडाऱ्याचा आकडा. तीन आगीनं, सात धुरानं.

फोमची गादी, प्लास्टिकच्या नळ्या, वायरींची आवरणं जळाली की कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात. आग एका कोपऱ्यात असते, धूर मात्र छताखालून पसरत काही मिनिटांत अख्खा वॉर्ड व्यापतो. ज्याला मान वळवता येत नाही, त्याला तेवढी मिनिटं पुरतात.

कोलकात्याच्या एएमआरआय हॉस्पिटलनं हे ९ डिसेंबर २०११ला दाखवलं. चकचकीत, वातानुकूलित, काचबंद इमारत. म्हणजे आपल्याला 'वॉव, क्या हॉस्पिटल है!' वाटावं अशी. आग लागली तळघरात, जिथं पेटणाऱ्या वस्तूंचा साठा होता. ज्वाळा वर पोचल्याही नाहीत. धूर मात्र पहाटे वरच्या मजल्यांवर चढला आणि काचांमुळे बाहेर पडू शकला नाही. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी गुदमरून.

काचेची बिल्डिंग म्हणजे चांगलं हॉस्पिटल, हे समीकरण निदान त्या दिवसानंतर तरी आपल्या डोक्यातून जायला हवं होतं.

खाली नाही, बाजूला!

मग उपाय काय? ऑफिसात आपण खाली उतरतो. हॉस्पिटलचा नियम वेगळा आहे. आधी बाजूला सरका.

चांगल्या रुग्णालयाचा मजला दोन किंवा जास्त कप्प्यांमध्ये विभागलेला असतो. मध्ये आग आणि धूर थोपवणारी जाड दारं असतात. या कप्प्यात आग लागली की पेशंटला बेडसकट दारापलीकडच्या कप्प्यात न्यायचं आणि दार बंद करायचं. जिन्यावरून माणसं वाहून नेण्याची वेळ शेवटी, तीही आलीच तर. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला चार मजले उतरवायचं म्हणजे चार-पाच जणं हवीत. शेजारच्या कप्प्यात ढकलायला दोघं पुरतात.

पण त्यासाठी ते दार बंद होणारं हवं. आपल्याकडे त्या दाराला हवा यावी म्हणून सलाइनचा खोका लावून ठेवतात. मग ते दार नुसतं डेकोरेशन!

स्टाफला शिकवलेला क्रमही साधाच असतो. आधी जवळचा पेशंट हलवा, मग ओरडून-फोन करून कळवा, मग दारं लावून आग कोंडा आणि मग जमलं तर विझवा, नाही तर बाहेर पडा. बेड हलत नसेल तर पेशंटला चादरीसकट किंवा गादीसकट जमिनीवर घेऊन ओढत नेतात. बघायला विचित्र वाटतं, पण एकटी नर्स सत्तर किलोच्या माणसाला अशी हलवू शकते. नवजात बाळांसाठी तर मोठमोठ्या खिशांचे एप्रन मिळतात. एक नर्स तो अंगात घालून एका वेळी तीन-चार बाळं नेऊ शकते. रॉकेट सायन्स नाही, शिवणकाम आहे!

आणखी एक छोटी पेटी असते आयसीयूच्या दाराबाहेर. तिच्यात त्या विभागाचा ऑक्सिजन बंद करायचा व्हॉल्व्ह असतो. आग लागली तर तो बंद करावा लागतो, नाही तर आगीला खाऊ मिळत राहतो. पण तो कधी आणि कुणाच्या हुकमावरून फिरवायचा हे आधी ठरलेलं हवं, कारण आतली माणसं त्याच ऑक्सिजनवर जगत असतात. सिलिंडर जोडून आधी त्यांची सोय करायची, मग व्हॉल्व्ह. ऑक्सिजन कमी पडला तर काय होतं ते नाशिकनं बघितलंय. २१ एप्रिल २०२१ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पाइपमधला दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. तिथं आग लागलीच नव्हती. जीवसुरक्षा म्हणजे फक्त लाल सिलिंडर नाही, ते यासाठी.

कायदा आहे हो!

आपल्याकडे कायदा नाही असं अजिबात नाही. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा २००८पासून लागू आहे. त्यानुसार जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची. फायर ब्रिगेडची नाही. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून सगळी यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र सादर करायचं. त्याला म्हणतात 'फॉर्म बी'. गाडीची पीयूसी असते ना, तसंच, पण माणसांच्या जिवाचं.

फरक इतकाच की पीयूसी नसेल तर चौकात मामा अडवतो. फॉर्म बी कुणी विचारतच नाही. तुम्ही-आम्ही तर नाहीच.

आणि घडल्यावर पकडलं कुणाला जातं? भंडाऱ्यात सिव्हिल सर्जनचं निलंबन झालं आणि गुन्हा दाखल झाला तो दोन नर्सवर. अहमदनगरमध्ये सिव्हिल सर्जन निलंबित झाले आणि अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन नर्सना. कुणाची चूक किती ते कोर्ट ठरवील. पण विचार करा. वायरिंग नर्स करत नाही. स्प्रिंकलरचं बजेट ती मंजूर करत नाही. दुसरा जिना बांधायचा की नाही हे तिला कुणी विचारत नाही. धुरात मात्र सगळ्यांत आधी तिनं शिरायचं. तिला वर्षातून दोनदा ड्रिल द्या आणि मग जाब विचारा, एवढं तरी मान्य व्हावं.

नांदगावच्या तिठ्यावर

माझं गाव नांदगाव, जिल्हा सिंधुदुर्ग. मुंबई-गोवा हायवेवर कणकवलीच्या अलीकडे एक तिठा लागतो, तिथून देवगडचा रस्ता फुटतो, तेच. आमच्याकडे कुणाची तब्येत बिघडली की कणकवली, पुढं ओरोसचं जिल्हा रुग्णालय, त्याहून पुढं गोव्याचं बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर असा प्रवास असतो. त्याआधीचा पहिला मुक्काम म्हणजे जवळपासचं एखादं छोटं खासगी हॉस्पिटल. आग लागली तर बंब नगरपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीकडे बंब नसतो. म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं आपलीच.

गेल्या पावसाळ्यात माझे काका न्यूमोनियानं अशाच एका हॉस्पिटलात होते. नाव सांगत नाही, कारण अशी हॉस्पिटलं कोकणात पावलापावलावर आहेत आणि ती नसती तर आमची माणसं वाटेतच गेली असती. खाली मेडिकल, वर पंधरा बेड, एकच जिना. जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि त्यांना टेकून सलाइनचे रिकामे खोके. माकडं येतात म्हणून गॅलरीला आणि खिडक्यांना पक्की ग्रिल. गच्चीच्या दाराला कुलूप, चावी डॉक्टरांच्या घरी. खाऱ्या हवेनं फायर सिलिंडरचा तळ गंजलेला. रात्री एक सिस्टर आणि एक मावशी.

मी हे सगळं बघत फिरत होते तेव्हा काका मास्क बाजूला करून म्हणाले, "ता सगळा खरा गो, पण आग लागली तर माका उचलतलो कोण?"

सिंधुदुर्गातल्या एका म्हाताऱ्यानं लाइफ सेफ्टीचा अख्खा अभ्यासक्रम एका वाक्यात विचारला होता.

डॉक्टरांशी बोलायला गेले ती थोडी घाबरतच. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही पहिल्याच आहात विचारणाऱ्या. नातेवाईक बिल विचारतात, रिपोर्ट विचारतात. हे कुणी विचारत नाही." खोके त्याच संध्याकाळी हलले. गच्चीची चावी नर्सच्या टेबलावर, लाल दोरीला आली. गॅलरीच्या ग्रिलला आतून उघडणारी खिडकी पाडून घ्यायची म्हणून वेल्डरला फोन झाला. सिस्टर आणि मावशीनं एका रिकाम्या बेडवरच्या गादीवर मला झोपवून जिन्यापर्यंत ओढून बघितलं. पहिल्यांदा दाराच्या उंबऱ्याला अडले, दुसऱ्यांदा जमलं. दुसरा जिना काही एका संध्याकाळीत होत नाही आणि तो झाल्याशिवाय ती जागा सुरक्षित म्हणता येणार नाही, हेही खरंच. पण त्या रात्री वॉर्डात झोपलेल्या माणसांसाठी काहीतरी बदललं होतं आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आला होता.

मुंबई-पुण्यात राहून गावी आईवडील असलेल्या आपल्यासारख्यांनी हे लिहून ठेवावं. आपण पैसे ट्रान्सफर करतो, डॉक्टरशी व्हिडिओ कॉल करतो. जिन्याखाली काय ठेवलंय, ते मात्र तिथं गेल्याशिवाय दिसत नाही.

चौकट: पाच मिनिटांत काय बघाल?

१. दोन वाटा. पेशंटच्या बेडपासून बाहेर पडायचे दोन वेगवेगळे रस्ते शोधा. प्रत्यक्ष चालून जा. दाराला कुलूप असेल तर चावी कुठं आहे ते विचारा.

२. जिना. त्यात खोके, जुने बेड, स्ट्रेचर, चपलांचे रॅक आहेत का? जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेल का?

३. लाल सिलिंडर. काटा हिरव्या भागात हवा, लेबलवरची तारीख उलटलेली नको. विजेच्या उपकरणांजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आहे का? वापरायची पद्धत चार शब्दांची आहे. पिन काढा, आगीच्या बुडाशी नेम धरा, दाबा, फिरवा.

४. सॉकेट आणि एसी. पिवळी पडलेली सॉकेट्स, एकाला एक जोडलेली एक्स्टेन्शन बोर्ड्स, जळका वास. दिसलं की लगेच सिस्टरला सांगा. 'त्यांना माहीत असेलच' असं समजू नका.

५. खिडकी. एक तरी उघडते का? ग्रिल आतून उघडतं का?

६. रिसेप्शन. 'फॉर्म बी शेवटचा कधी भरला?' एवढंच, हसतमुखानं विचारा. उत्तरापेक्षा चेहरा बघा!

७. आणि स्वतःकडे बघा. बेडजवळ मोबाइलचा चार्जर लावू नका, उदबत्ती-निरांजन तर नाहीच. जिन्यात पिशव्या आणि अंथरुणं टाकू नका. ऑक्सिजनच्या वॉर्डाबाहेर सिगारेट पेटवणाऱ्या पाहुण्याला हाकला, मग तो मामा का असेना.

धूर दिसलाच तर आधी ओरडा, मग १०१ किंवा ११२ फिरवा. लिफ्ट नको. वाका, नाकाला ओला कपडा लावा आणि मागचं दार ओढून घ्या.

प्रश्न विचारणारा कस्टमर

आपली पिढी प्रश्न विचारण्यात कमी नाही. रेस्टॉरंटला रेटिंग देतो, कॅबवाल्याला देतो, मोबाइल घ्यायच्या आधी चाळीस रिव्ह्यू वाचतो. लाखभराचं बिल करणाऱ्या हॉस्पिटलला मात्र 'आत्ता नको, पेशंटवर राग काढतील' म्हणून गप्प बसतो. ही भीती खोटी नाही. म्हणून प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या रात्री विचारू नका, आधीच विचारा. बायकोचं नाव डिलिव्हरीसाठी घालताना. बाबांच्या गुडघ्याची तारीख घेताना. ऑफिसच्या मेडिक्लेमची नेटवर्क यादी येते तेव्हा एचआरला एक मेल टाका, 'यातल्या कुणाचे फॉर्म बी आपण मागवले आहेत का?' एका मेलला उत्तर येणार नाही. चाळीस मेलना द्यावंच लागेल.

सरकारी रुग्णालयात तर हक्कानं विचारा. तिथं ना पॅकेज आहे, ना दुसरं हॉस्पिटल गाठायची ऐपत असलेले पेशंट. भंडाऱ्याच्या त्या दहा बाळांच्या आईबापांकडे निवडायला दुसरं काही नव्हतं.

या वीकेंडला कुणाला बघायला जाणार असाल, तर शहाळं न्या, डबा न्या. आणि निघताना रात्रपाळीच्या सिस्टरजवळ दोन मिनिटं थांबा. 'रात्री इथं कितीजणी असता? शेवटचं ड्रिल कधी झालं?' असं विचारा. कदाचित ती कामाच्या घाईत असेल, कदाचित वैतागेल. पण बहुतेक वेळा ती खुर्ची पुढं ओढेल आणि बोलायला लागेल. तिलाही हे कधीचं कुणालातरी सांगायचं असतं.